पट्ट्यावरची माती

इसवी सन 1437. बुऱ्हाणपूरकडून वऱ्हाडात चढणारी वाट घाटाच्या पायथ्याशी रोहिणखेडला टेकते, तिथं तुम्ही उभे आहात. खानदेशचा नासिरखान आणि बहमनींचा सरदार खलफ हसन यांच्या फौजा भिडतात, नासिरखान हरतो आणि लळिंगच्या किल्ल्याकडे पळतो. चार पावसाळे पुढं सरका. त्याच काळ्या रानात ज्वारी डोक्याएवढी झालेली असते. सांडलेलं रक्त मातीनं कधीच पचवलं.

त्या दिवशी इथं प्लुटोनियम सांडलं असतं तर? त्याचं अर्धायुष्य 24,100 वर्षांचं. आज, जवळपास सहाशे वर्षांनी, शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग जागच्या जागी असते.

आता जुलै 1962 मध्ये या. पॅसिफिक महासागर, हवाईच्या नैर्ऋत्येला जॉन्स्टन बेट. पायाखाली पोवळ्यांची पांढरी, भुसभुशीत वाळू. अमेरिकेला अणुबाँब आकाशात उंच नेऊन फोडायचा आहे. थॉर क्षेपणास्त्र पेटतं, पण मंचावरच बिघडतं. सुरक्षा अधिकारी ते तिथंच उडवून देतो. अणुस्फोट होत नाही. मात्र बाँबच्या पोटातलं प्लुटोनियम धुरासोबत वाऱ्याच्या दिशेनं बेटावर पसरतं. त्या वर्षी अशा फसलेल्या उड्डाणांचे अवशेष बेटावर आणखीही पडले. तुम्ही धुराच्या उलट बाजूला थांबा.

तीस वर्षं ओलांडा. त्याच बेटावर एक लांबलचक पट्टा घरघरतोय. मोठे दगड चाळून काढलेली वाळू त्यावर पातळ थरानं पसरली आहे. प्लुटोनियमचे अल्फा किरण साध्या कागदानंही अडतात; वाळूत दडलेला कण त्यांच्यावरून सापडणं अवघड. म्हणून यंत्र शोधतं अमेरिशियम. प्लुटोनियमच्या एका भावंडातून, 14 वर्षांच्या अर्धायुष्यानं, ते हळूहळू तयार होतं आणि मंद गॅमा किरण सोडतं; म्हणूनच वाळूचा थर पातळ हवा. 1962 मध्ये ही खूण फार पुसट होती. इतकी वर्षं पडून राहिल्यानं ती माती शोधायला सोपी झाली, हा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चक्रावणारा भाग वाटतो.

पट्ट्यावर आडव्या ओळीत बसवलेले सोडियम आयोडाइडचे डिटेक्टर खालून सरकणारी वाळू तपासतात. पट्ट्याचा वेग संगणकाला ठाऊक असतो, त्यामुळे डाग टोकाला कधी पोचेल हे तो आधीच मोजून ठेवतो. नेमक्या क्षणी त्या जागेपुरती झडप उघडते, मूठ-दोन मूठ वाळू वेगळ्या पट्ट्यावर पडते, झडप मिटते. बाकीची पुढं जाते. सुपात तूर निवडताना खडा टिपावा तसं हे काम; फक्त इथला खडा डोळ्यांना दिसत नाही.

हे जमतं, कारण प्लुटोनियम दुधात साखर विरघळावी तसं पसरलेलं नव्हतं, कणाकणांनी विखुरलं होतं. सगळं बेट खरवडून जहाजांत भरण्यापेक्षा दोषी कण तेवढे धरायचे. तपासलेल्या वाळूचा फार मोठा भाग मोकळा सुटला. मोकळा म्हणजे किरणोत्सर्ग किलोला 500 बेकरेलच्या आत. हा आकडा माणसांनी ठरवलेला. मातीला त्याची काही पडलेली नाही. वेगळी काढलेली मातीही कुठं लांब गेली नाही, त्याच बेटावर पुरली गेली, आणि 2004 पर्यंत अमेरिकेचं सैन्य निघून गेलं.

परत रोहिणखेडला या, पण वाटेत 1963 मध्ये थांबा. आदल्या दोन वर्षांत अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी हवेत फोडलेल्या बाँबांचं सिझियम-137 जगभर पावसासोबत उतरतं आहे. बुलढाण्याच्या शिवारावरही. त्याचं अर्धायुष्य तीस वर्षांचं, म्हणजे तेव्हा पडलेल्यातलं चौथाईच्या आसपास आज उरलं. नांगर न लागलेल्या बांधाची माती प्रयोगशाळेत दिली तर ते बारीकसं सापडू शकतं. मातीची धूप मोजायला शास्त्रज्ञ त्याचाच उपयोग करतात. तीच माती जॉन्स्टनच्या पट्ट्यावर टाकली असती, तर एकही झडप हलली नसती.