ड्वार्फ सिक्लिड : मुंबईच्या उकाड्यात पिल्लं निघतात, पण जवळपास सगळे नरच का होतात?

मे महिन्याची दुपार. देवनारमधल्या एखाद्या इमारतीचा वरचा मजला, ऊन खाऊन तापलेली भिंत आणि तिच्या शेजारी दोन फुटांची माशांची टाकी. पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास. अशा टाकीत अपिस्टोग्रामाच्या मादीने अंडी घातली, राखली आणि पिल्लं जगली, तर टाकीच्या मालकाचा आनंद गगनात मावत नाही. पुढे तीन-चार महिन्यांनी पिल्लांवर रंग चढायला लागतो, तेव्हा कळतं की त्यांच्यात मादी शोधूनही सापडत नाही.

यात दुकानदाराचा दोष नाही आणि नशिबाचाही फारसा नाही. या माशांमध्ये नर की मादी, हे बऱ्याच अंशी पाण्याच्या तापमानावर ठरतं.

हे मासे नेमके कोणते?

सिक्लिड हे माशांचं मोठं कुळ आहे. त्यात दीड हजाराहून जास्त प्रजाती आहेत. मुंबईकरांना यातला एक मासा चांगला ओळखीचा आहे, तो म्हणजे बाजारात मिळणारी चिलापी, अर्थात तिलापिया. गोव्याची काळुंदर आणि केरळचा करीमीन हाही सिक्लिडच. ड्वार्फ सिक्लिड म्हणजे याच कुळातले बुटके भाऊबंद. ते साधारण चार ते दहा सेंटिमीटरपर्यंतच वाढतात, त्यामुळे फ्लॅटमधल्या टाकीत मावतात.

आपल्याकडे हौशी लोक प्रामुख्याने तीन प्रकार पाळतात. पहिला रॅम, व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या गवताळ मैदानांतला. दुसरा अपिस्टोग्रामा, दक्षिण अमेरिकेतलाच. त्यातला ‘काकाटुऑइडिस’ सर्वात लोकप्रिय, कारण नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे राहतात. तिसरा क्रिबेन्सिस, पश्चिम आफ्रिकेतला. विणीच्या काळात त्याच्या मादीचं पोट जांभळट लाल होतं.

दुकानात रॅम सगळ्यात देखणा दिसतो, म्हणून बहुतेक जण त्यानेच सुरुवात करतात. पहिल्यांदा पिल्लं काढायची असतील तर क्रिबेन्सिस बरा. तो पाण्याच्या बाबतीत फार नखरे करत नाही आणि आई-बाप दोघंही पिल्लं नीट सांभाळतात. रॅमच्या शेतीत वाढवलेल्या जोड्या मात्र स्वतःची अंडी खातात, अशी तक्रार जगभर ऐकू येते.

तापमान आणि नर-मादीचं गणित

माणसात बाळाचं लिंग गर्भधारणेच्या वेळीच गुणसूत्रांवरून ठरतं. अनेक माशांमध्ये आणि कासवांमध्ये हे इतकं पक्कं नसतं. उवे र्‍योमर आणि वोल्फगांग बायझेनहेर्त्स या जर्मन संशोधकांनी अपिस्टोग्रामाच्या ३७ प्रजातींची पिल्लं वेगवेगळ्या तापमानात वाढवून पाहिली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुतांश प्रजातींमध्ये एकच कल दिसला. २३ अंशांच्या पाण्यात माद्या जास्त, २९ अंशांच्या पाण्यात नर जास्त आणि २६ अंशांच्या आसपास दोन्ही बऱ्यापैकी.

अंडी घातल्यापासूनचा साधारण महिनाभराचा काळ यात निर्णायक असतो. त्यानंतर पाणी थंड करून उपयोग होत नाही.

क्रिबेन्सिसमध्ये हाच खेळ पाण्याच्या पीएचवर चालतो. आम्लधर्मी पाण्यात नर जास्त होतात, उदासीन पाण्यात प्रमाण माद्यांकडे झुकतं. म्हणजे ‘मऊ, आम्लधर्मी पाणी सगळ्या ड्वार्फ सिक्लिडना चांगलं’ हा सरसकट सल्ला इथे अंगाशी येऊ शकतो.

आता हे मुंबईला लावून बघा. मे महिन्यात इथलं दिवस-रात्रीचं सरासरी तापमान ३० अंशांच्या घरात असतं. बंद खोलीतली टाकी त्याहून फार खाली जात नाही. जानेवारीत रात्रीचा पारा १७-१८ अंशांपर्यंत उतरतो आणि टाकीतलं पाणी २४ ते २६ अंशांवर राहतं. म्हणून अपिस्टोची वीण घ्यायची तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा मुंबईतला खरा हंगाम. परदेशी व्हिडिओ हीटर लावायला सांगतात, कारण तिथली अडचण थंडीची असते. आपली अडचण उलटी आहे.

रॅमला मात्र २७ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. उन्हाळ्यात हौस भागवायची असेल तर त्याच्याकडे वळता येईल.

उन्हाळ्यात पाणी थंड कसं ठेवायचं?

टाकीचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. पुण्यात ही युक्ती छान चालते. मुंबईत हवेतच इतकी आर्द्रता असते की फरक कमी पडतो, आणि जूननंतर तर अगदीच कमी. शिवाय पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यामुळे कमी झालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरावं लागतं. बर्फाच्या बाटल्या टाकणारे बरेच आहेत, पण तापमान झटक्याने खाली-वर झालं की मासे आजारी पडतात. त्यापेक्षा टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून आतल्या खोलीत खालच्या पातळीवर ठेवणं जास्त फायद्याचं.

गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३२ अंशांना ७.३. दुपारी लाईट गेली आणि एअर पंप थांबला तर अंड्यांना याचा आधी फटका बसतो. बॅटरीवर चालणारा पंप घरात असलेला बरा.

नळाचं पाणी चालतं का?

पाण्याच्या बाबतीत मुंबई नशीबवान आहे. भातसा, वैतरणा, तानसा या तलावांत साठलेलं पावसाचं पाणी तुलनेने मऊ असतं, आणि दक्षिण अमेरिकेतल्या माशांना तेच हवं असतं. पालिका त्यात क्लोरीन घालते, ते काढावं लागतं. पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब वापरा.

खरी गडबड टँकरची. उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं, आणि खाडीच्या बाजूला बोअरचं पाणी खारट निघू शकतं. पाणी जड झालं की अपिस्टोची अंडी फुटत नाहीत, त्यांना बुरशी धरते. आरओसोबत वापरतात तो टीडीएस मीटर इथे कामाला येतो. अपिस्टोच्या विणीसाठी आकडा १५० च्या खाली असावा. जास्त आला तर आरओचं पाणी मिसळा.

बदामाची वाळलेली पानंही टाकीत घालतात. ती पाण्यात टॅनिन सोडतात, पाणी चहासारखं पिवळसर होतं, पीएच किंचित उतरतो आणि बुरशीला थोडा आळा बसतो. दुकानात ही पानं पाकिटात विकत मिळतात. मुंबईत अर्ध्या सोसायट्यांच्या आवारात हेच झाड असतं. झाडावर औषध फवारलेलं नसेल तर खाली पडलेली लाल पानं धुऊन, वाळवून तीच वापरता येतात.

अंडी ते पिल्लं

रिकाम्या टाकीत आधी स्पंज फिल्टर चार ते सहा आठवडे चालवून उपयुक्त जिवाणू तयार होऊ द्यावे लागतात. ही घाई अनेकांना नडते. जोडीसाठी ६० लिटरची टाकी पुरते. अपिस्टो आणि क्रिबेन्सिस गुहेत अंडी घालतात. उकळून घेतलेली नारळाची करवंटी किंवा कुंभाराकडचं मातीचं बोळकं आडवं ठेवलं की गुहा तयार. रॅम सपाट दगडावर उघड्यावर अंडी घालतो.

अपिस्टोच्या मादीने अंडी घातल्याचं न वाकता कळतं, कारण ती लिंबासारखी पिवळीजर्द होते आणि दुप्पट मोठ्या नरालाही हाकलून लावते. लहान टाकीत नराला लपायला जागा नसेल तर तो मार खाऊन मरू शकतो, अशा वेळी त्याला वेगळं काढावं. साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात. पुढचे चार-पाच दिवस पिल्लं पोटाशी असलेल्या पिवळ्या बलकावर जगतात आणि मग आईमागे थव्याने पोहू लागतात.

बहुतेकांची पिल्लं इथूनच मरायला लागतात, आणि कारण असतं भूक. बाजारातलं दाणेदार खाद्य त्यांच्या तोंडात मावत नाही. त्यांना आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म कोळंबीसारख्या जिवाची नुकतीच निघालेली पिल्लं लागतात. एक लिटर पाण्यात साधारण २५ ग्रॅम मीठ घालून त्यात आर्टेमियाची अंडी टाकायची आणि हवा सोडत ठेवायची. २८ अंशांना ती २४ तासांत फुटतात. या एका कामात मुंबईचा उकाडा मदतीला येतो. मात्र मासे अंडी घालतील त्याच दिवशी ही तयारी सुरू करून एकदा चाचणी घ्यावी. पिल्लं पोहायला लागल्यावर दुकान शोधत फिरलं तर उशीर झालेला असतो.

दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं खायला द्यायचं आणि उरलेलं नळीने ओढून घ्यायचं. पाणी रोज थोडं बदलावं, पण नवं पाणी त्याच तापमानाचं हवं.

जास्तीच्या पिल्लांचं काय?

रॅम किंवा क्रिबेन्सिसची जोडी एका वेळी दीडशे-दोनशे अंडी देऊ शकते. ती सगळी जगली तर घरात ठेवायला जागा नसते. दुकानदार दोन-अडीच सेंटिमीटरची पिल्लं घेतात, पण अंगावर रंग नसलेल्या आणि सगळ्याच नर असलेल्या तुकडीला भाव कमी मिळतो.

उरलेले मासे नाल्यात किंवा पवई तलावात सोडू नयेत. चिलापी १९५२ मध्ये भारतात मुद्दाम आणली गेली आणि आज ती देशभरातल्या तलावांत स्थानिक माशांची जागा बळकावून बसली आहे. टाकीत मोठा झाला म्हणून सोडून दिलेला सकरही अनेक ठिकाणी पसरलाय.

हौसेच्या पुढे जाऊन व्यवसाय करायचा असेल तर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या परसबागेतल्या युनिटला अनुदानाची तरतूद होती. युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरून सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. अर्ज करण्याआधी जिल्हा मत्स्य कार्यालयात सध्याचे नियम विचारून घ्यावेत. प्रशिक्षणाची चौकशी अंधेरीत वर्सोव्याला असलेल्या, १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत करता येते.