बोर्दो : मद्याचे शहर आणि बाजूचा दरवाजा

प्रवास ही मराठी साहित्यात सुस्थितांची मिरासदारी राहिली आहे. ज्यांची घरे वाड्यांत होती त्यांनी युरोपातले राजवाडे पाहिले, आणि त्या राजवाड्यांचे वर्णन वाचून आम्ही युरोप ओळखला. ज्याच्या आजोबाला चावडीची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्याने परक्या देशातले एखादे ऐतिहासिक शहर कोणत्या डोळ्यांनी पाहावे, हा प्रश्न या वर्णनांत कधी उपस्थित झाला नाही. होण्याचे कारणही नव्हते. आज मात्र तो उपस्थित करावाच लागेल. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने दिली जाणारी परदेश शिष्यवृत्ती घेऊन आपल्या वस्त्यांतील मुले-मुली युरोपातल्या विद्यापीठांत पोहोचली आहेत. सुट्टीच्या तीन-चार दिवसांत कुठे जावे, काय पाहावे, अशी आखणी तीही करतात. ही आखणी दिसते तितकी निरागस नसते. तीन दिवसांत काय पाहायचे हे ठरवताना काय पाहायचे नाही हेही ठरत असते, आणि ते ठरवणारा दुसराच कोणीतरी असतो.

उदाहरण म्हणून फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बोर्दो हे शहर घेऊ. तांबड्या मद्यासाठी ते जगप्रसिद्ध आहे.

१

बोर्दोची रूढ सहल अशी असते. पॅरिसहून जलद आगगाडी निघते. २०१७ पासून हे अंतर सुमारे दोन तासांचे झाले आहे. पहिल्या दिवशी गारोन नदीच्या काठावरचा प्लास द ला बुर्स हा अठराव्या शतकातला चौक, त्यासमोर २००६ साली केलेला पाण्याचा आरसा, १७८० मध्ये उघडलेले भव्य नाट्यगृह आणि सां-आंद्रे कॅथेड्रल. दुसऱ्या दिवशी मद्य-व्यापाऱ्यांचा शार्त्रों भाग आणि २०१६ साली सुरू झालेले मद्याचे संग्रहालय. तिसऱ्या दिवशी सां-एमिलियों या गावचे द्राक्षमळे. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेल्यास द्राक्षतोड पाहायला मिळते. शहराचा जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे, बाकीसाठी ट्राम आहे. २००७ मध्ये या शहराच्या मोठ्या भागाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या आखणीत खोटे काहीच नाही. इमारती खरोखरच देखण्या आहेत. फक्त त्या कोणाच्या पैशाने उभ्या राहिल्या आणि त्या शहराच्या तटाबाहेर कोण राहत होते, हे दोन प्रश्न तिच्यात नाहीत. आपल्याला तेच दोन विचारायचे आहेत.

२

बोर्दोचे मद्य जुने आहे. ११५२ साली आकितेनची एलेनॉर आणि पुढे इंग्लंडचा राजा झालेला हेन्री यांचा विवाह झाला. तेव्हापासून १४५३ पर्यंत हा प्रदेश इंग्लंडच्या राजांकडे राहिला आणि इथली पिंपे लंडनला जात राहिली. पण आज प्रवासी ज्या दगडी शहराचे छायाचित्र घेतो ते मध्ययुगातले नव्हे, अठराव्या शतकातले आहे. एका बंदराला एका शतकात एवढे वैभव कुठून आले?

ते सां-दोमँगहून आले. आजचा हैती तो हाच. त्या बेटावर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे ऊस, कॉफी आणि नीळ पिकवत होती. १६७२ ते १८३७ या काळात बोर्दोच्या जहाजमालकांनी गुलामांच्या व्यापारासाठी सुमारे पाचशे सफरी पाठवल्या, आणि सव्वा ते दीड लाख माणसे अटलांटिकपार नेली. यावर एक बचाव नेहमी ऐकू येतो : नाँत हे बंदर या व्यापारात आमच्या कितीतरी पुढे होते, बोर्दोचा मुख्य व्यापार गुलामांचा नव्हताच, तो मालाचा होता. हा बचाव नीट तपासून पाहावा. बोर्दोची बहुसंख्य जहाजे आफ्रिकेला न जाता थेट बेटांवर जात, हे खरे आहे. जाताना ती मद्य आणि पीठ नेत, आणि येताना साखर, कॉफी, नीळ आणत. पण ते मद्य विकत घेणारा मळेवाला कोणाच्या घामावर श्रीमंत झाला होता? ती साखर कोणाच्या पाठीवरच्या वळांतून आली होती? माणूस विकणे आणि विकलेल्या माणसाचे श्रम विकणे यांत फरक हिशेबाच्या रकान्याचा आहे, नीतीचा नाही. हा युक्तिवाद आपल्याला अपरिचित नाही. ‘आम्ही कोणाला बाटवले नाही, आम्ही फक्त रूढी पाळली’ असे म्हणणारी सभ्य माणसे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत.

प्लास द ला बुर्सच्या आसपासच्या इमारतींवर कमानींच्या माथ्यावर दगडी मुखवटे कोरलेले आहेत. त्यांत काही चेहरे आफ्रिकी आहेत. शहराने त्या माणसांना शोभेच्या वस्तू म्हणून आपल्या भिंतींवर जागा दिली.

३

आता दुसरा प्रश्न : तटाबाहेर कोण होते?

फ्रान्सच्या या भागात आणि पिरेनीज पर्वताच्या दोन्ही अंगांना मध्ययुगापासून एक जनसमूह राहत होता. डोंगरी मुलखात त्यांना कागो म्हणत, बोर्दोच्या बाजूला गाहे. त्यांचा धर्म शेजाऱ्यांचाच, भाषा शेजाऱ्यांचीच, कातडीचा रंगही तोच. तरीही ते अस्पृश्य होते. हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. त्यांची वस्ती वेगळी असे. बोर्दोत ती दक्षिणेला तटाबाहेर, सां-निकोलाच्या चर्चभोवती होती. चर्चमध्ये त्यांना बाजूचा निराळा दरवाजा असे. पिरेनीजच्या पायथ्याच्या गावांतील काही जुन्या चर्चांना तो ठेंगणा दरवाजा आजही दिसतो. पवित्र जलाचे पात्र वेगळे, बसण्याची जागा वेगळी, दफनाची जागाही वेगळी. लग्न आपसातच. शेती आणि खाद्यपदार्थांचा व्यापार त्यांना बहुधा बंद. सुतारकी हा त्यांचा मुख्य धंदा. ज्या चर्चच्या तुळया त्यांनी रंधल्या, त्या चर्चमध्ये ते मुख्य दरवाजाने जाऊ शकत नव्हते. गारोनच्या काठी मार्मांद नावाचे गाव आहे. तिथल्या चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या नियमांत गाह्यांनी अंगरख्यावर डावीकडे तांबड्या कापडाचा तुकडा लावावा आणि रस्त्यात अनवाणी चालू नये असे सांगितले आहे. इतरत्र ही तांबडी खूण हंसाच्या पावलाच्या आकाराची असे.

अनवाणी चालू नये! आपल्याकडच्या वाचकाला हे वाक्य पुन्हा वाचावेसे वाटेल. आपल्या पूर्वजांना सवर्णांच्या आळीतून जाताना पायातले काढून हातात घ्यावे लागे; तिथे पायात घातल्याशिवाय चालणे हा गुन्हा होता. पेशवाईत पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके. तिथे छातीवर तांबडे कापड. नियम उलटा आहे, अर्थ एकच आहे : तुझ्या पायाचा स्पर्श जमिनीला नको. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. विटाळ हा वस्तूत नसतो, चपलेत नसतो, अनवाणी पायातही नसतो. आधी माणूस खाली ठेवायचे ठरते, मग त्याला साजेसा नियम शोधला जातो.

नियमापाठोपाठ कथाही येते. गाहे हे बायबलमधील गेहजीचे वंशज आहेत असे सांगत. या गेहजीला लोभापायी कुष्ठरोगाचा शाप मिळाला होता. कोणी त्यांना गॉथांचे वंशज म्हणे, कोणी सारासेनांचे, कोणी महारोग्यांचे. यांतले काहीही सिद्ध झाले नाही. १६०० साली तुलूज येथे वैद्यांनी बावीस कागोंची तपासणी केली आणि त्यांच्यात कोणताही रोग नसल्याचे सांगितले. निर्बंध सुटले नाहीत. त्याआधी, १५१५ मध्ये, नवारमधील कागोंच्या अर्जावरून खुद्द पोपने त्यांना इतर श्रद्धावंतांप्रमाणे वागवावे असा आदेश दिला होता. गावच्या चर्चांनी तोही मानला नाही. ९ जुलै १७२३ रोजी बोर्दोच्या पार्लमाँने, म्हणजे तिथल्या उच्च न्यायसभेने, कोणाला गेहजीचा वंशज, कागो किंवा गाहे म्हणून हिणवल्यास पाचशे लिव्हर दंड ठोठावण्याचे फर्मान काढले. सभांत, पदांवर, चर्चमधील जागांत आणि शाळांत त्यांना भेदाविना घ्यावे असेही त्यात होते. कायद्याच्या तत्त्वज्ञानावर पुढे जगभर वाचला गेलेला ग्रंथ लिहिणारा मोंतेस्क्यू त्या वर्षांत याच न्यायसभेचा एक अध्यक्ष होता.

वैद्य झाले, धर्मगुरू झाले, न्यायाधीश झाले. आपला अनुभव असणाऱ्याला या यादीचे आश्चर्य वाटणार नाही. कायदा होणे आणि गावाने तो मानणे यांत किती अंतर असते हे आपण १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यापासून मोजत आलो आहोत.

४

या दोन इतिहासांचे पुढे काय झाले, हे पाहणे हा माझ्या मते बोर्दोच्या सहलीचा खरा हेतू असायला हवा.

गुलामगिरीच्या इतिहासाला वारस मिळाले. सां-दोमँगच्या गुलामांनी १७९१ साली उठाव केला. १८०२ मध्ये नेपोलियनने वसाहतींत गुलामगिरी परत लादू पाहिली, तरी १८०४ मध्ये त्यांनी आपले स्वतंत्र राष्ट्र स्थापन केले. फ्रान्सने १८२५ साली त्याच राष्ट्राकडून मळेवाल्यांची नुकसानभरपाई म्हणून पंधरा कोटी फ्रँकची मागणी केली, म्हणजे सुटलेल्या माणसालाच सुटकेची किंमत मोजायला लावली. फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी १८४८ मध्ये कायमची रद्द झाली. तरीही बोर्दो शहर गप्पच होते. ते बोलू लागले ते संघटनांनी वर्षानुवर्षे मागणी केल्यावर. २००१ मध्ये फ्रान्सच्या संसदेने गुलामांचा व्यापार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचा कायदा केला. २००९ मध्ये बोर्दोच्या म्युझे दाकितेन या संग्रहालयात या व्यापारावरची कायमची दालने उघडली. १० मे २०१९ रोजी नदीकाठी मोदेस्त तेस्तास हिचा पुतळा उभा राहिला. ही पूर्व आफ्रिकेतली मुलगी. बोर्दोच्या दोन भावांनी तिला विकत घेऊन सां-दोमँगला नेले. पुतळ्याचा शिल्पकार हैतीचा आहे. जहाजमालकांची नावे मिरवणाऱ्या काही रस्त्यांवर आता खुलासा करणाऱ्या पाट्याही लागल्या आहेत.

गाह्यांचे काय? क्रांती झाली, खेड्यातून माणसे शहरांत पांगली, आडनावांवरची खूण पुसली गेली, आणि हळूहळू गाहे म्हणून कोणी उरले नाही. १८४७ साली फ्रान्सिस्क मिशेल यांनी या ‘शापित’ जनसमूहांचा दोन खंडांत इतिहास लिहिला. ते बोर्दोतच प्राध्यापक होते. पण ज्यांचा इतिहास त्यांनी लिहिला, त्यांच्यापैकी फारसे कोणी तो आपला म्हणून हातात घेतला नाही.

असे का व्हावे? बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना एक मूलगामी भेद दाखवला आहे. गुलामगिरी ही उघड दास्याची अवस्था आहे. गुलामाला आपण गुलाम आहोत हे कळते. अस्पृश्यता हे अप्रत्यक्ष, लपलेले दास्य आहे. बोर्दोचे दप्तर जणू याच विधानाचा पुरावा आहे. गुलाम ही मालमत्ता होती, म्हणून जहाजाच्या वहीत त्याची संख्या आणि किंमत नोंदली गेली. त्या क्रूर वहीतूनच आज त्याचा इतिहास उभा करता येतो. गाहे कोणाच्या मालकीचे नव्हते, म्हणून त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्यांची नोंद उरली ती बाप्तिस्म्याच्या वहीत, नावापुढे लिहिलेल्या एका शब्दात. तो शब्द पुसला गेला तेव्हा अपमान गेला, आणि अपमानाचा पुरावाही गेला.

इथे आपल्याशी संबंधित असा अवघड प्रश्न उभा राहतो. जात नष्ट व्हावी हे आपले ध्येय आहे. आपल्यातले कित्येक जण शहरात आल्यावर आडनाव बदलतात, वस्तीचा पत्ता सांगत नाहीत. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. भाड्याची खोली मिळवण्यासाठी माणसाला काय करावे लागते हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. पण गाह्यांचा इतिहास बजावतो की, एकेकट्याने निसटून जाण्याने डाग जातो, न्याय होत नाही. ज्यांनी दरवाजा ठेंगणा केला त्यांना कोणी जाब विचारला नाही. विचारणारा ‘मी गाहे’ म्हणून उभाच राहिला नाही. उलट ज्यांनी ‘आम्ही गुलामांची लेकरे’ असे ताठ मानेने सांगितले, त्यांच्यासाठी शहराला आपल्या पाट्या बदलाव्या लागल्या. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला तेव्हा त्यांनी हेच नाते ओळखले होते.

म्हणून आपल्या विद्यार्थ्याने बोर्दोची आखणी निराळी करावी. पहिली सकाळ म्युझे दाकितेनला द्यावी. घाईने नव्हे, वही घेऊन. दुपारी नदीकाठ, मुखवटे आणि मोदेस्तचा पुतळा. दुसऱ्या दिवशी व्हिक्त्वार चौकातून दक्षिणेकडे चालत सां-निकोलाच्या भागात जावे. आजची चर्चची इमारत नंतरची आहे, आणि तिथे पाहण्यासारखे फारसे नाही. ‘नाही’ हेच पाहायचे आहे. तिसऱ्या दिवशी द्राक्षमळे जरूर पाहावेत, पण द्राक्षे कोण तोडतो हेही पाहावे. तोड करणाऱ्या हंगामी मजुरांत दुरून, परदेशातून आलेले पुष्कळ असतात.

आणि परत आल्यावर नाशिकला जावे. आता तेही मद्याचे शहर म्हणून मिरवते. गंगापूर धरणाच्या बाजूला मळे पाहायला गाड्या भरून लोक जातात. त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दरवाजापुढे सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. मळ्यांच्या सहलीत तो दरवाजा नसेल, तर तो आपण घालायचा. जात मेलीच पाहिजे. पण जातीने काय केले याची नोंद मरता कामा नये, आणि ती नोंद आपल्याखेरीज दुसरे कोणी ठेवणार नाही.