वाघाच्या फुप्फुसातला कृमी आणि शंभर वर्षांचा क्षय

थुंकीतून रक्त पडले की आपल्याकडे एकच शब्द उच्चारला जातो, क्षय. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण हुबेहूब हीच लक्षणे दाखवणारा आणखी एक रोग आहे. तो गोड्या पाण्यातल्या खेकड्यातून माणसात येतो. त्याचा कृमी शास्त्राला प्रथम ठाऊक झाला तो वाघामुळे, तोही भारतीय वाघामुळे. आणि भारतीय माणसात तो ओळखला जायला त्यानंतर शंभर वर्षे जावी लागली. मित्रहो, आजचा धागा त्या शंभर वर्षांचा आहे. आरंभ खानदेशातून करू.

१८२५ साली जेम्स आउट्रम हा बावीस वर्षांचा इंग्रज अधिकारी भिल्ल पलटण उभारण्यासाठी खानदेशात आला. पलटणीचे ठाणे धरणगावला, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात. आउट्रमने भिल्लांचा विश्वास मिळवला तो मुख्यतः शिकारीतून. दहाएक वर्षांत त्याने आणि साथीदारांनी जवळजवळ दोनशे वाघ मारले, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. आकडा वाचून आज अंगावर काटा येतो. पण तापीचे खोरे आणि सातपुड्याच्या उतरणी तेव्हा वाघांनी किती भरलेल्या होत्या, हेही त्यातून कळते. शिकाऱ्याला हवे असे कातडे. फुप्फुस चिरून पाहण्याचे कुणाला काही कारण नव्हते.

याच काळात मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी विल्यम सायक्स दख्खनभर फिरून लोकसंख्या, पिके, पाऊस, पक्षी, मासे अशा दिसेल त्या गोष्टीची नोंद करत होता. जमिनीत बिळे करून राहणारे इथले खेकडेही त्याच्या नजरेतून सुटले नाहीत. त्याने नेलेल्या नमुन्यांवरून १८३६ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या वृत्तात दख्खनच्या खेकड्याचे वर्णन छापून आले. वेस्टवुड या कीटकशास्त्रज्ञाने त्याला ‘क्युनिक्युलॅरिस’ म्हणजे बिळे करणारा असे नाव दिले. पावसाळ्यात ओढ्याकाठी आपण पकडतो तो हाच. वाघ आणि खेकडा दोघेही अशा रीतीने इंग्रजांच्या दफ्तरात गेले, पण वेगवेगळ्या पानांवर.

ती पाने जोडली गेली ॲमस्टरडॅमला. तेथील प्राणिसंग्रहालयात एक बंगाली वाघ मेला आणि त्याच्या फुप्फुसात कॉफीच्या बीएवढे, मांसल, चपटे कृमी आढळले. १८७८ मध्ये कोनराड केरबर्ट यांनी त्यांचे वर्णन केले आणि संग्रहालयाचे संचालक वेस्टरमान यांचे नाव त्यांना दिले. आजचे नाव ‘पॅरागोनिमस वेस्टरमानी’.

पुढच्याच वर्षी फोर्मोसा बेटावर, म्हणजे आजच्या तैवानमध्ये, डॉक्टर रिंगर यांना एका पोर्तुगीज माणसाच्या शवविच्छेदनात असाच कृमी मिळाला. त्यांनी तो चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांच्याकडे पाठवला. मॅन्सन यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. १८८० मध्ये दुसऱ्याच तक्रारीसाठी आलेला एक चिनी गृहस्थ बोलता बोलता त्यांच्या गालिच्यावर थुंकला. दुसरा कुणी संतापला असता. मॅन्सन यांनी तो गंजासारखा तांबूस बेडका काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात झाकण असलेली सोनेरी-तपकिरी अंडी दिसत होती. अंडी पाण्यात ठेवल्यावर त्यांतून पोहणारी अळी बाहेर पडली. पुढचा मुक्काम गोगलगायीत असावा, असा तर्क त्यांनी केला आणि तो बरोबर निघाला. गोगलगायीतून बाहेर पडलेली पिढी खेकड्यात शिरते, हे तैवानमध्येच नाकागावा या जपानी डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दाखवले. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खेकडा खाणाऱ्याच्या आतड्यातून हा कृमी निघतो, पडदा भेदतो आणि फुप्फुसात घर करतो. वाघाला तो रानडुकराच्या मांसातूनही मिळू शकतो.

मग भारतात काय अडले? मॅन्सन यांच्या अंड्यांनंतर दोनच वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला. तो शोध इतका मोठा होता की, थुंकी तपासणे म्हणजे क्षयाचा जंतू शोधणे, असे समीकरणच जगभर बसले. माझ्या मते खरी मेख इथे आहे. क्षयासाठी थुंकी काचेवर पसरून तापवतात, रंगवतात, आम्लाने धुतात. त्या खटाटोपात कृमीची अंडी बिघडतात. ज्या परीक्षेने एक रोग सापडतो, तीच दुसऱ्याचा पुरावा पुसते! जंतू न दिसलेला रुग्ण मग ‘थुंकीत न सापडणारा क्षय’ म्हणून औषधे घेत राहतो. मणिपुरात १९८०च्या दशकाच्या आरंभी डॉक्टरांनी रक्त थुंकणाऱ्या रुग्णांमध्ये ही अंडी ओळखली, तेव्हा कुठे वाघाचा कृमी भारतीय माणसाच्या नावावर लागला. नंतर नागालँड आणि अरुणाचलातही रुग्ण सापडले.

ही ईशान्येकडची गोष्ट, आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. त्याने रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी आठवावे. लघवीतून रक्त पाडणारा, गोगलगायीतूनच पसरणारा शिस्टोसोमा हा आफ्रिकेचा कृमी मानला जाई. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी गुहागर तालुक्यातल्या या गावी त्याचे स्थानिक ठाणे असल्याचे प्रसिद्ध केले. रुग्ण तिथेच होते. लघवी त्या दृष्टीने पाहिली गेली नव्हती.

सातपुड्यातून उतरणाऱ्या ओढ्यांत गोगलगायी आहेत, खेकडे आहेत, काठावर रानडुकरे आहेत. साक्री-शिरपूरपासून यावल-रावेरपर्यंत पहिल्या पावसात खेकडे धरणारी पोरेही आहेत. नीट शिजवलेल्या खेकड्यात भिण्यासारखे काही नाही. उकळत्या रश्श्यात कृमी मरतो. विस्तवावर घाईने शेकून आतून कच्चा राहिलेला, आणि कच्चा खेकडा चिरलेल्या सुरीने कापलेली कोथिंबीर, यांची गोष्ट वेगळी.

क्षयाचे औषध किमान सहा महिने चालते. या कृमीवर प्राझिक्वांटेल दोन-तीन दिवस पुरते. आणि त्याची तपासणी अजूनही १८८० सालचीच आहे: थुंकीचा थेंब काचेवर, न तापवता, न रंगवता.