चौबारा ते मदरसा : बिदरच्या विद्यानगरीतील एक फेरी

बिदर शहर पायी पाहावयाचे असेल तर आरंभ चौबाऱ्यापासून करावा. जुन्या गावाच्या मध्यभागी, मुख्य रस्ते एकमेकांस मिळतात तेथे, सुमारे ७१ फूट उंचीचा हा गोल मनोरा उभा आहे. येथून उत्तरेकडे निघालेला रस्ता किल्ल्यापर्यंत जातो. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशाह वली याने बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. सत्तेचे केंद्र किल्ल्यात होते आणि विद्येचे केंद्र याच रस्त्यावर, शहर व किल्ला यांच्या दरम्यान उभे राहिले. ते म्हणजे ख्वाजा महमूद गावान याचा मदरसा होय.

इराणातील गिलान प्रांतातून व्यापाराच्या निमित्ताने आलेला गावान १४५३ च्या सुमारास बिदरला पोहोचला व पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने गोवा घेतले. त्यापाठोपाठ बेळगावही बहमनी अंमलाखाली आले. मदरशाची इमारतही १४७२ चीच. एका हाती मोहीम व दुसऱ्या हाती ज्ञानदान, असा हा कारभारी होता. फारसी पत्रलेखनकलेवरील ‘मनाझिर-उल-इन्शा’ व स्वतःच्या पत्रांचा संग्रह ‘रियाझ-उल-इन्शा’ हे त्याचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत.

मदरशाची पूर्वेकडील दर्शनी बाजू प्रथम नजरेस पडते. उत्तरेच्या कोपऱ्यातील एकुलता एक मिनार, त्यावरील नागमोडी नक्षीच्या रंगीत फरशा आणि कुराणातील आयतीची सुलेखित पट्टी यांवरून मूळ वैभवाची कल्पना येते. रचना इराण व मध्य आशियातील तैमूरी मदरशांच्या धर्तीची आहे. पूर्व-पश्चिम २०५ फूट व दक्षिणोत्तर १८० फूट अशा या तीन मजली वास्तूच्या मध्यभागी मोकळा चौक आहे. त्याभोवती तालिब-इल्मांसाठी ३६ खोल्या व उस्तादांसाठी सहा स्वतंत्र दालने होती. जोडीला मशीद आणि सुमारे ३००० ग्रंथांचा कुतुबखाना होता. शिकणारा व शिकविणारा एकाच छताखाली राहत असत. त्यांच्या निर्वाहाची व्यवस्था संस्थेकडे होती. आजच्या भाषेत यास निवासी विद्यापीठ म्हणता येईल.

गावानचा शेवट मात्र शोचनीय झाला. दरबारातील विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचे बनावट पत्र पुढे केले आणि १४८१ मध्ये सुलतान तिसऱ्या मुहम्मदशाहाने त्यास ठार करविले. वजीर गेला, तरी मदरसा टिकला; एका माणसाच्या मर्जीपेक्षा संस्था दीर्घायुषी असते, याचा हा पुरावा होय. बहमनी सत्ता लयास गेली, बरीदशाही आली व गेली. किल्ल्यातील रंगीन महालात शिंपल्याचे जडावकाम आजही पाहावयास मिळते, ते बरीदशाहीच्याच काळातील.

१६५७ मध्ये बिदर मोगलांच्या ताब्यात आले. त्यानंतर मदरशाच्या काही खोल्यांत घोडदळाचा तळ पडला व काही खोल्या दारूगोळ्याचे कोठार बनल्या. १६९६ मध्ये या दारूचा स्फोट झाला. वीज पडल्याने तो झाला, असेही एक वृत्त आहे. कारण काहीही असो, दक्षिणेकडील मिनार, दर्शनी भागाचा निम्मा हिस्सा व लगतची दक्षिण बाजू ढासळली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्वारी करून आलेल्या शत्रूने ही इमारत पाडली नाही. राजवटी बदलल्या तेव्हाही ती उभीच होती. जेथे ग्रंथ असावयाचे तेथे बारूद ठेवली गेली, तेव्हा ती कोसळली.

आज हे स्मारक पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. येथे येणारा पर्यटक उरलेल्या मिनाराकडे पाहून पुढे किल्ल्याच्या वाटेला लागतो. शिक्षकाने मात्र त्या रिकाम्या दक्षिण कोपऱ्यासमोरही क्षणभर थांबावे. वर्गखोली कशासाठी राखावयाची आणि कशासाठी द्यावयाची नाही, हा प्रश्न तेथे उभा आहे, आणि तो केवळ पंधराव्या शतकाचा नाही.