स्थानिक संस्थांतील उमेदवारी : एका हक्काचा वृत्तान्त



नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस उभे राहणे आज आपणांस इतके सहज वाटते, की हा हक्क आपल्या वाडवडिलांस नव्हता ह्याची आठवण फारसे कोणी ठेवीत नाही. निवडणूक जाहीर झाली की संघाकडे तरुणांची विचारणा सुरू होते : अर्ज कोठे मिळतो, अनामत किती, दाखले कोणते? त्यांची उत्तरे पुढे येतीलच. परंतु अर्जातील रकाने कोठून आले हे ठाऊक असले, म्हणजे ते भरताना हात अधिक सावध राहतो. म्हणून आम्ही प्रथम मागील काळाकडे वळतो.

मुंबई शहराचा कारभार १८६५ च्या कायद्याने जस्टिस ऑफ द पीस ह्या सरकारनियुक्त मंडळींच्या नावे चाले. प्रत्यक्ष सत्ता म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती होती. त्यांच्या खर्चाने करदाते हैराण झाले, सभा भरल्या, आणि त्यातून १८७२ चा कायदा निघाला. चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी, एक चतुर्थांश जस्टिसांनी निवडावे आणि उरलेले सरकारने नेमावे, असे ठरले. पण करदाता म्हणजे कोण? तर वर्षास किमान पन्नास रुपये कर भरणारा. १८८८ च्या कायद्याने ही मर्यादा तीस रुपयांवर आली. चाळीतील खोलीचे भाडे भरणाऱ्या कारागिराचे घर स्वतःचे नसे, म्हणून कराच्या पावतीवर त्याचे नाव नसे. आणि पावतीवर नाव नाही त्यास मतही नाही, मग उमेदवारी कोठली? शहर ज्याच्या हातांनी बांधले गेले, तो शहराच्या सभेबाहेर उभा होता. ही गोष्ट कोणा एका ज्ञातीची नव्हे, श्रम करून खाणाऱ्या सर्वांचीच होय.

पुण्याची कथा ह्याहून बोधप्रद आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. परंतु ते निवडून आलेले नव्हेत, सरकारने नेमलेले. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे जोतीरावांचे म्हणणे. मते घेतली तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारच्या पाहुण्याच्या स्वागतास विरोध करावा, ह्याला केवढे धैर्य लागले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध झाला आणि १८८४ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत व लोकल बोर्डांत निवडणुकीचे तत्त्व रुजले. मात्र शिक्षण व मालमत्ता यांच्या अटींमुळे आरंभी निवडून येणारे लोक बहुधा वकील, सावकार, जमीनदार ह्याच वर्गांतले असत. १९२५ साली केशवराव जेधे यांनी पुण्याच्याच नगरपालिकेत जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा ठराव मांडला, तोही फेटाळला गेला.

नगरपालिकेतील एका मताचे मोल कोणास पाहावयाचे असेल, तर त्याने महाडचा इतिहास वाचावा. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९२७ च्या २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी त्या तळ्याचे पाणी प्याले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव मागे घेतला! पुढे दहा वर्षे दावा चालला. १९३७ साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. मूठभर सभासदांनी हात वर केल्याने तळे उघडते आणि हात वर केल्यानेच ते मिटते. ते हात कोणाचे असावेत, हाच स्थानिक निवडणुकीचा प्रश्न आहे.

स्त्रियांना तर ह्या दारात फार काळ तिष्ठावे लागले. मुंबईत अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी खटपट केली, आणि १९२३ च्या निवडणुकीने त्या व सरोजिनी नायडू महापालिकेत आल्या. दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्यास मताचा हक्क १९२२ च्या दुरुस्तीने मिळाला, तर प्रौढ मतदानावर पहिली महापालिका निवडणूक १९४८ साली झाली. म्हणजे पन्नास रुपयांच्या करापासून केवळ वयाच्या अटीपर्यंत येण्यास पाऊणशे वर्षे लागली.

स्वातंत्र्यानंतरचे कायदे – ग्रामपंचायतींचा १९५८ चा, जिल्हा परिषदांचा १९६१ चा, नगरपरिषदांचा १९६५ चा – सर्वपरिचित आहेत. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा बंधनकारक झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्मा केला. इतर मागासवर्गाच्या जागांस सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात तीन कसोट्या लावल्या : आयोगाकडून प्रत्यक्ष चौकशी, प्रत्येक संस्थेपुरते प्रमाण, आणि एकूण आरक्षण निम्म्याच्या आत.

आता अर्जाकडे वळू. वयाची एकवीस वर्षे पुरी असावीत आणि त्या संस्थेच्या मतदारयादीत नाव असावे, ही पहिली अट. यादीत नाव नाही हे अर्ज भरण्याच्या दिवशी कळणारे इच्छुक दरवेळी निघतात, आणि त्यांचा राग यादीवरच असतो! त्यानंतर अपात्रता. ज्या संस्थेस उभे राहावयाचे तिच्याच कामाच्या ठेक्यात भागी असता कामा नये. हा नियम १८८८ च्या मुंबईच्या कायद्यातही होता, आणि आजही ठेकेदारी करणाऱ्या आपल्या बांधवांना तो आडवा येतो. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली असू नये. सरकारी जमिनीवर अतिक्रमण असू नये. अतिक्रमण वडिलांनी केले, मी केवळ तेथे राहतो, ही सबब ग्रामपंचायतीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अमान्य केली आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनांहून अधिक झाली असल्यास उमेदवारी जाते. मालमत्ता, कर्ज, शिक्षण व फौजदारी प्रकरणे यांविषयी शपथपत्र द्यावे लागते. त्यात रकाना कोरा सोडू नये. अनामतीची रक्कम संस्थेप्रमाणे व प्रवर्गाप्रमाणे बदलते. ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या सूचनेवरूनच पाहावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे.

राखीव जागेवर उभे राहणाऱ्यास जातीच्या दाखल्याबरोबर जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. येथेच आमचे अनेक होतकरू तरुण अडतात. ते मुदतीत सादर झाले नाही, तर निवडून आलेली जागाही हातची जाते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतील उतारा, जुने खरेदीखत, ही कागदपत्रे घराघरांतून वाळवीच्या स्वाधीन होत आहेत. ज्यास पाच वर्षांनी उभे राहावयाचे आहे त्याने ती आजच शोधावीत. निवडणूक जाहीर झाल्यावर शाळेच्या कपाटात पन्नास-साठ वर्षांपूर्वीची वही हुडकणे फार जिकिरीचे होते.

आणखी एक गोष्ट, जी संघाच्या स्मरणिकेत लिहिताना कित्येकांस रुचणार नाही. जातीच्या नावाने मते मागणे हा निवडणुकीच्या कायद्याने गैरप्रकार ठरतो. संघाने तरुणास कागदपत्रांसाठी साह्य करावे, अनामतीस हातभार लावावा, मतदारयादी तपासून द्यावी; परंतु संघाच्या फलकाखाली मते मागू नयेत. शिवाय ज्या प्रभागात आपली घरे तीस आणि मतदार तीन हजार, तेथे ज्ञातीचा पाठिंबा आहे एवढ्यावर कोणी निवडून येत नाही. गटाराचे पाणी कोणत्या गल्लीत तुंबते, शाळेचे छप्पर कोठे गळते, हे ज्यास ठाऊक आहे त्याच्याकडे इतर ज्ञातींचेही लोक येतात.

अर्जांची छाननी, माघार व चिन्हवाटप यांचे दिवस कार्यक्रमात दिलेले असतात. छाननीच्या वेळी उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने मूळ कागद घेऊन स्वतः हजर राहावे. खर्चाची नोंदवही पहिल्या दिवसापासून लिहावी, कारण निकालानंतर तीस दिवसांत हिशेब सादर न केल्यास पुढील निवडणुका लढविण्यास बंदी येऊ शकते. हा हिशेब हरलेल्या उमेदवारासही द्यावाच लागतो.