ऐकूं येणें आणि ऐकणें

यंत्रांनीं मनुष्याचे कान बोथट केले, ही तक्रार ग्रामोफोन घरोघर गेला तेव्हांपासून होत आली आहे. जें गाणें ऐकण्यासाठीं पूर्वीं रात्र जागवावी लागे, तें आतां जेवतां-बोलतां वाजत राहतें. आणि जें सदैव वाजतें त्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. या तक्रारींत तथ्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु यंत्राचा दुसराहि एक इतिहास आहे, व त्यांत तें कानाचा गुरु ठरलें आहे. अमेरिकेंतील प्रयोगशील संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरॉस (१९३२–२०१६) यांच्या चरित्रांत तो विशेष स्पष्ट दिसतो.

ऑलिव्हेरॉसबाईंचा जन्म टेक्सस राज्यांतील ह्यूस्टन शहरीं झाला. अकॉर्डियन हें त्यांचें आवडतें वाद्य. १९५३ सालीं, एकविसाव्या वाढदिवशीं, त्यांच्या आईनें त्यांना ध्वनिमुद्रणाचें यंत्र भेट दिलें. चुंबकीय फितीवर आवाज उतरविणारीं हीं यंत्रें तेव्हां नुकतींच सामान्य घरांत येऊं लागलीं होतीं. सॅन फ्रॅन्सिस्कोमधील आपल्या बिऱ्हाडाच्या खिडकींत मायक्रोफोन ठेवून बाईंनीं बाहेरचे आवाज मुद्रित केले. मागाहून फीत लावून पाहतां, मुद्रण चालू असतांना आपणांस मुळींच न जाणवलेले कित्येक आवाज तिच्यावर उमटलेले त्यांना आढळले. कान शाबूत होते, आवाजहि कानांपर्यंत पोंचले होते. उणें होतें तें अवधान. तेव्हांपासून, सर्व आवाजांकडे सदोदित लक्ष द्यावयाचें, व लक्ष सुटल्याचें ध्यानीं येतांच तें पुन्हा जोडावयाचें, असा नेमच त्यांनीं स्वतःला घालून घेतला.

ऐकूं येणें आणि ऐकणें हे दोन व्यापार भिन्न आहेत, हें आपली भाषाच सांगते. पहिलें कानाचें काम, दुसरें मनाचें. यंत्राला फक्त पहिलें साधतें; तें आवडनिवड करीत नाहीं, कंटाळत नाहीं, आणि म्हणूनच मनानें काय काय गाळलें याचा हिशेब तपासण्यास तें उपयोगी पडतें.

त्याच दशकाच्या उत्तरार्धांत टेरी रायली व लोरेन रश या सहकाऱ्यांसह बाईंनीं पूर्वरचनेवांचून समूहवादन सुरू केलें. आपल्या मैफलींतील गवई आयत्या वेळीं विस्तार करतो खरा, पण त्याला राग व ताल यांचा आधार असतो. येथें तोहि नव्हता; दुसरा काय वाजवीत आहे तें ऐकणें, एवढाच काय तो आधार. आधीं चर्चा करून वाजवावयास बसलें कीं वादन फसे. आधीं वाजवून तें मुद्रित केलें, फीत ऐकली, व मग चर्चा केली तर जमे, असें त्यांना अनुभवानें आढळलें.

१९६२ सालीं रॅमन सेंडर व मॉर्टन सबॉटनिक यांनीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें फितीवरील संगीतासाठीं एक केंद्र स्थापिलें. बाई त्याच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होत. दोन यंत्रें अंतरावर ठेवून एकच फीत दोहोंतून नेली, म्हणजे पहिल्यावर मुद्रित झालेला स्वर कांहीं क्षणांनीं दुसऱ्यांतून बाहेर पडतो. या युक्तीनें, विद्युत्-स्वर निर्माण करणारीं साधनें व पुच्चिनीच्या ऑपेराची एक तबकडी घेऊन, १९६५ सालीं त्यांनीं ‘बाय बाय बटरफ्लाय’ ही कृति एका बैठकींत सिद्ध केली. आतां काढलेला स्वर थोड्या वेळानें परत येणार, हें धरूनच अशा वेळीं पुढचा स्वर काढावा लागतो. भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळांकडे कान ठेवल्यावांचून हें वादन होत नाहीं.

एवढें शिकल्यावर यंत्र बाजूला ठेवणेंहि त्यांना जमलें. १९७१ च्या सुमारास त्यांनीं संगीताचें शिक्षण नसलेल्यांनाहि करतां येतील असे श्रवणाचे पाठ रचले. १९८८ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील पोर्ट टाउनसेंड येथें, जमिनीखालीं १४ फूट, २० लाख गॅलन पाणी मावेल अशा एका रिकाम्या टांक्यांत त्या दोन सहवादकांसह उतरल्या. तेथें एका स्वराचा नाद ४५ सेकंद घुमत राही. फितीचें काम तेथें भिंतींनींच केलें. घाईनें वाजविणाऱ्याचा तेथें केवळ गोंधळ झाला असता; तिघांनाहि थांबून, ऐकून, मगच स्वर लावणें भाग होतें. या वादनाचें मुद्रण १९८९ सालीं ‘डीप लिसनिंग’, म्हणजे ‘खोल श्रवण’, या नांवानें प्रसिद्ध झालें. नांवांतील श्लेष उघड आहे: खोली टांक्याची आणि अवधानाचीहि.

आज खिशांतील यंत्रांत हजारों गाणीं मावतात. त्यांनीं कान मरतील कीं जागे होतील, हें यंत्रावर अवलंबून नाहीं, असें आम्हांस वाटतें. तोच टेपरेकॉर्डर त्या काळीं इतर असंख्य घरांतहि गेला होता. फितीवर उमटलें तें मला कां ऐकूं आलें नाहीं, हा प्रश्न स्वतःला विचारणें मात्र ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.