शब्दवेध : बिंदू हुकलेली नजर

‘अॅस्टिग्मॅटिझम’ या दृष्टिदोषाच्या नावात ग्रीक ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘स्टिग्मा’ म्हणजे बिंदू. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२५ मध्ये स्वतःच्याच डोळ्यातला हा दोष मांडला. नाव सुचवले विल्यम ह्यूएल यांनी. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) एका दिशेने अधिक वाकलेला असला, की किरण एका बिंदूत मिळत नाहीत. मग चंद्रपूर-मूल-गडचिरोली गाडीच्या पाटीवर शिरोरेखा ठसठशीत, पण काने पुसट दिसू शकतात. व्युत्पत्ती रुग्णाच्या काय कामाची, असे कोणी म्हणेल. पण नजर नुसती ‘कमजोर’ म्हटली की दोष अंतराचा वाटतो; बिंदू हुकला म्हटल्यावर तो दिशेचा आहे, हे उमगते. म्हणूनच चष्म्याच्या चिठ्ठीवर सिलिंडरच्या, म्हणजे या दोषाच्या, नंबरापुढे अक्षाचे अंश लिहितात आणि फ्रेम वाकडी झाली तर बरोबर नंबरही फसतो.